एक गाडी, दोन ॲव्हरेज : एका हायब्रिड खरेदीचा हिशेब

ताईच्या जुन्या पेट्रोल सेडानच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक चौकोनी वही असायची. दोरीने बांधलेलं पेन, कोपऱ्यावर तेलाचा डाग आणि आत चार रकाने : तारीख, मीटरवरचे किलोमीटर, भरलेले लिटर, ॲव्हरेज. पंपावर नळी पहिल्यांदा 'टक' वाजून थांबली की भरणं बंद. त्यावर आणखी थोडं ओतून आकडा गोल करायचा नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिथपर्यंतच भरायचं. फुल टू फुल. आठ वर्षं तिने हे न चुकता लिहिलं. गाडीची स्क्रीन १२.४ दाखवायची, वही ११.५ म्हणायची.

२०२३ मध्ये गाडी बदलायचं ठरलं तेव्हा या वहीमुळे आमच्या हातात एक पक्की गोष्ट होती : ताईच्या घराला वर्षाला साधारण १५,००० किलोमीटर लागतात आणि त्यासाठी १,३०० लिटर पेट्रोल जळतं. घरात पाच माणसं. ताई, भाऊजी, सासूबाई, भाचा आणि भाची. आठवड्याचे पाच दिवस ताई एका बाजूने नऊ किलोमीटर गर्दीतून ऑफिसला जाते. सुट्टीत भाऊजी हायवेवर काढतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून गाडीत चढताना फार वर किंवा फार खाली जावं लागता कामा नये. डिकीत पाच जणांचं सामान बसलं पाहिजे. एवढ्या अटी. गाडी ठरवायला ताईने मला बरोबर घेतलं, कारण आकडेमोड मला आवडते आणि शोरूममध्ये ती भिडेने 'हो' म्हणून येते.

यादीत तीन नावं उरली : टोयोटा कॅमरी हायब्रिड, होंडा अकॉर्ड हायब्रिड आणि ह्युंदाई सोनाटा हायब्रिड. तिन्ही पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या, पण प्लगची गरज नसलेल्या, पेट्रोल भरून चालणाऱ्या. बॅटरी ब्रेकवर आणि इंजिनावर चार्ज होते. हे वाक्य आम्हाला एका शोरूममध्ये सेल्समनला समजावून सांगावं लागलं. तो रात्री गाडी कुठे चार्जिंगला लावाल असं विचारत होता.

तिन्ही गाड्यांचं आतलं गणित मात्र वेगवेगळं आहे, आणि चालवताना तो फरक हाताला कळतो. टोयोटामध्ये इंजिन आणि दोन मोटरी एका ग्रहमालेसारख्या गिअरसंचाला जोडलेल्या असतात. नेहमीच्या अर्थाने त्यात गिअर बदलतच नाहीत. इंजिनाची ताकद किती चाकांकडे जाणार आणि किती जनरेटरकडे, हे सतत वाटून घेतलं जातं. होंडामध्ये शहरातल्या वेगाला इंजिन बहुतेक वेळ फक्त जनरेटर फिरवतं, चाकं मोटर ओढते, आणि हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. ह्युंदाईने इंजिन आणि नेहमीच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मोटर बसवली आहे. त्यामुळे जुन्या ऑटोमॅटिक गाडीची सवय असलेल्याला सोनाटा लगेच ओळखीची वाटते. भाऊजींना म्हणूनच ती पहिल्या फेरीतच आवडली होती.

तिघांच्या बॅटऱ्या मागच्या सीटखाली आहेत. जुन्या पिढीतल्या हायब्रिड सेडानमध्ये त्या सीटच्या पाठीमागे असायच्या आणि डिकी अर्धी व्हायची. तो प्रश्न उरला नव्हता.

आकडे वाचताना झालेली गडबड

पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही तिघं जण तीन वेगळे आकडे घेऊन भांडत होतो. भाऊजींनी एका देशाच्या चाचणीतला आकडा काढला होता, मी दुसऱ्या देशाच्या. युरोपची डब्ल्यूएलटीपी, अमेरिकेची ईपीए, भारताची एमआयडीसी : प्रत्येक चाचणीत वेग, थांबे, तापमान वेगळं. एमआयडीसीवर जी सेडान लिटरला २५ च्या वर दाखवते ती ईपीएच्या कागदावर २२ च्या आसपास येते. गाडी तीच. त्यामुळे पहिला नियम हा केला की तिन्ही गाड्यांची तुलना एकाच चाचणीवर करायची. आम्ही ईपीए घेतली, कारण २००८ च्या मॉडेलपासून तिच्यात जोरात चालवणं, एसी लावून चालवणं आणि थंडीत, उणे सात अंशांच्या आसपास, गाडी सुरू करणं हेही धरलेलं असतं. ते मैल प्रति गॅलन मोजतात. अमेरिकन गॅलनच्या आकड्याला ०.४२५ ने गुणलं की किलोमीटर प्रति लिटर येतात.

छापील आकड्यालाही देव मानायचं नाही, हे मला एका जुन्या प्रकरणामुळे ठाऊक होतं. २०१४ मध्ये फोर्डने फ्यूजन हायब्रिडचा एकत्रित, म्हणजे शहर आणि हायवे मिळून काढलेला, आकडा ४७ वरून ४२ मैल प्रति गॅलनवर आणला होता. म्हणजे लिटरला २० चे जवळजवळ १८ झाले. गाडीला रस्त्यावर किती विरोध होतो याचा जो आकडा चाचणीच्या यंत्रात भरतात, तोच चुकला होता. चाचणी रोलरवर होते, रस्त्यावर नाही. हवा आणि टायर यांचा भार हिशेबाने घालावा लागतो, आणि हिशेबात चूक होऊ शकते.

तर २०२३ च्या मॉडेलचे आकडे मी ताईच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडले. कॅमरीचं एलई व्हेरिएंट एकत्रित ५२ मैल, म्हणजे लिटरला २२.१ किलोमीटर. सोनाटाचं ब्लू व्हेरिएंटही ५२. अकॉर्डचं ईएक्स-एल ४८, म्हणजे २०.४. इथपर्यंत वाटत होतं की कॅमरी आणि सोनाटा बरोबरीत, अकॉर्ड थोडी मागे. मग त्याच कागदावर खालच्या ओळी वाचल्या. कॅमरीची एसई, एक्सएलई, एक्सएसई ही वरची व्हेरिएंट : ४६. म्हणजे १९.६. सोनाटाची एसईएल आणि लिमिटेड : ४७, म्हणजे २०. अकॉर्डची स्पोर्ट आणि टूरिंग : ४४, म्हणजे १८.७.

हे पान मी ताईसमोर ठेवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने स्वतः कॅल्क्युलेटर घेतला. १५,००० किलोमीटरला कॅमरी एलई ६७९ लिटर पिणार, अकॉर्ड ईएक्स-एल ७३५. फरक ५६ लिटर. आणि कॅमरीचंच एलई सोडून वरचं व्हेरिएंट घेतलं तर ६७९ चे ७६५ होणार. फरक ८६ लिटर. दोन आठवडे आम्ही कुठल्या कंपनीची गाडी घ्यायची यावर तोंड वाजवत होतो, आणि त्याहून मोठा फरक एकाच कंपनीच्या दोन व्हेरिएंटमध्ये बसलेला होता.

तो येतो कुठून? मुख्यतः चाकांतून आणि वजनातून. एलईला १६ इंची चाकं आणि अरुंद टायर. वरच्या व्हेरिएंटना मोठी, रुंद, देखणी. अकॉर्ड ईएक्स-एलला १७ इंची, स्पोर्टला १९ इंची. रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतो, हवा जास्त अडवतो, आणि जड रिम प्रत्येक सिग्नलला नव्याने फिरवावी लागते. त्यावर सनरूफ, मोटरच्या सीटा, मोठे स्पीकर यांचं वजन.

सोनाटाच्या लिमिटेडमध्ये एक गंमतीची गोष्ट होती, छतावर सौर पॅनेल. भाची त्यावर भाळली. कंपनीचं म्हणणं असं की रोज सहा तास ऊन मिळालं तर वर्षाला १,३०० किलोमीटर चालण्याइतकी वीज मिळते. आम्ही तोही हिशेब केला. १,३०० किलोमीटर म्हणजे लिटरला २० धरून ६५ लिटर. आणि ब्लूऐवजी लिमिटेड घेतल्यामुळे वर्षाला जास्तीचे लागणार ७१ लिटर. छत कमावेल ते चाकं आणि वजन खाणार, तेही गाडी रोज सहा तास उन्हात उभी राहिली तर. ताईची गाडी दिवसभर ऑफिसच्या तळघरात असते. भाचीने हिशेब दोनदा तपासला आणि मग हट्ट सोडला.

आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जुन्या ११.५ वरून यातल्या कुठल्याही गाडीवर गेलं तरी वर्षाला ५०० लिटरच्या वर वाचतात. २० वरून २२ वर गेलं तर फक्त ६८. 'किलोमीटर प्रति लिटर' या मापाची ही खोड आहे : खालच्या बाजूची छोटी उडी मोठी बचत देते, वरच्या बाजूची तेवढीच उडी थोडी. २००८ मध्ये लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे दाखवलं होतं की माणसं या मापाने सर्रास फसतात. म्हणून आम्ही त्या दिवसापासून ॲव्हरेज बोलायचं बंद केलं आणि वर्षाचे लिटर बोलायला लागलो. भांडणं निम्मी झाली.

तीन शोरूम

कुठलं शोरूम कुठल्या कंपनीचं ते इथे सांगत नाही. गाडी चांगली असून शोरूम वाईट असू शकतं, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये.

पहिल्या ठिकाणी टेस्ट ड्राइव्हला टॉप मॉडेल दाखवलं. चामड्याच्या सीटा, मोठी चाकं, काचेचं छत. सेल्समनच्या टॅबवर मात्र ॲव्हरेज बेस मॉडेलचं होतं. ताईने शांतपणे विचारलं, "हा आकडा याच गाडीचा का?" तो म्हणाला, "मॅडम, हायब्रिड सगळ्या सारख्याच." त्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण एवढी मोठी वस्तू विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, आणि मला त्याचा राग आला. चालवलेली गाडी एक, आकडा दुसरीचा, आणि कोटेशन आलं ते तिसऱ्याच व्हेरिएंटचं.

दुसऱ्या ठिकाणी हायब्रिडची डेमो गाडी नव्हतीच. साधी पेट्रोल गाडी चालवून बघा, 'फील' तोच आहे, असं म्हणाले. आम्ही चालवली नाही. हायब्रिडचा ब्रेक पहिल्या हलक्या दाबाला मोटरने गाडी थोपवतो, नंतर खरा ब्रेक लागतो. तो सांधा पायाला कसा लागतो हे पेट्रोल गाडीत कळणार कसं? दहा दिवसांनी डेमो आली तेव्हा पुन्हा गेलो.

तिसऱ्या ठिकाणच्या मुलीने न विचारता मागचा दरवाजा उघडला, सीटखालची बारीक जाळी दाखवली आणि म्हणाली, "इथून बॅटरी हवा घेते. इथे पिशवी, चादर काही ठेवू नका, आणि सर्व्हिसिंगला हा फिल्टर साफ करायला सांगत जा." पूर्ण खरेदीत आम्हाला मिळालेली सगळ्यात कामाची माहिती ही.

टेस्ट ड्राइव्हबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिनेच आमचे डोळे उघडले. दुपारी चार वाजता आम्ही एक डेमो गाडी ताईच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या नऊ किलोमीटरवर नेली. सुरू करताना ट्रिप मीटर शून्यावर आणला. पोचल्यावर स्क्रीनवर २५.२. भाऊजी खूष. ताई म्हणाली, "मी चार वाजता ऑफिसला जात नाही." गाडी सकाळपासून फिरत होती, इंजिन गरम होतं. तिने शोरूमला विनंती केली की एक दिवस पहिली टेस्ट ड्राइव्ह आम्हाला द्या, गाडी रात्रभर उभी असताना. थोडी का-कू करून ते तयार झाले.

सकाळी साडेसात. गार हवा. बटण दाबल्यावर गाडी सेकंदभर गप्प राहिली आणि मग इंजिन सुरू झालं. पहिल्या सिग्नलला ते बंद होईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. काच धुरकट झाली म्हणून ताईने हीटर लावला, तेव्हा इंजिन आणखी हट्टाने चालत राहिलं. चौथ्या किलोमीटरला पहिल्यांदा ते थांबलं आणि गाडीत शांतता पसरली. तोवर स्क्रीनवर १२.९ होते. ऑफिसच्या दारात पोचलो तेव्हा १७.४.

तीच गाडी, तोच रस्ता, तीच ताई. फरक पहिल्या दहा मिनिटांचा. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही, तेल घट्ट असतं, आणि केबिनला ऊब हवी तर ती बहुतांशी इंजिनाच्या उष्णतेतूनच येते. म्हणून थंड गाडी इंजिन बंदच करत नाही. ज्यांचा रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच आहे, त्यांची गाडी हायब्रिड व्हायच्या आतच घर येतं. अशा माणसाने छापील शहरी आकड्यावर अवलंबून गाडी घेऊ नये असं मी स्पष्टच म्हणेन. ताईचे नऊ किलोमीटर काठावरचे होते.

ठरलं कसं

अकॉर्डचा शहरी आकडा ईएक्स-एलमध्ये ५१ मैल प्रति गॅलन आणि हायवेचा ४४. कॅमरी एलई शहरात ५१, हायवेला ५३. सोनाटा ब्लू ५० आणि ५४. ताई एकटीच चालवणार असती तर तिन्हींत फारसा फरक नव्हता. भाऊजींच्या हायवेच्या फेऱ्यांनी अकॉर्ड मागे पडली, जरी चालवायला ती आम्हा तिघांनाही सर्वांत छान वाटली होती. मला अजूनही तिची आठवण येते. सोनाटाचं ब्लू मिळायला फार वाट बघावी लागणार होती. सासूबाई प्रत्येक गाडीत दोनदा बसल्या, दोनदा उतरल्या, आणि कॅमरीच्या मागच्या सीटवरून उठताना त्यांनी दरवाजाचा आधार घेतला नाही. हे ताईने पाहिलं. कॅमरी एलई.

भाऊजींना शेवटपर्यंत टॉप मॉडेल हवं होतं. त्यांचं मन राखावं म्हणून मी दोन्हींच्या किमतीतला फरक पेट्रोलच्या भावाने भागला. जे लिटर आले ते नव्या गाडीला सात वर्षं पुरले असते. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि विषय पुन्हा काढला नाही.

बिलाच्या दिवशी कागदावर एक ओळ होती : 'स्टाइल पॅकेज'. आत पाहिलं तर बेस मॉडेलची १६ इंची चाकं काढून १८ इंची अलॉय लावायची होती, आणि ती 'गाडीबरोबर येतातच' असं सांगितलं गेलं. म्हणजे एलईचे पैसे देऊन, वर आणखी पैसे भरून, वरच्या व्हेरिएंटचं ॲव्हरेज घरी न्यायचं. ताईने ती ओळ स्वतःच्या पेनाने खोडली. रंगावरचं कोटिंग आणि सीटवरचा फवारा याही ओळी गेल्या. मॅनेजरला बोलावणं गेलं, अर्धा तास गेला, पण ती खुर्चीतून उठली नाही. स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा किट, हेही तिने डिकीचा तळ उचलून पाहिलं. अनेक हायब्रिडमध्ये नुसता किट देतात.

वहीचं पुढचं वर्ष

नव्या गाडीत जुनीच वही गेली. पहिली नोंद १८.९. भाऊजींचा फोन आला, "फसलो का रे?" तिसऱ्या नोंदीला २०.६. पहिल्या वर्षाची बेरीज : १४,६०० किलोमीटर, ६९८ लिटर, म्हणजे २०.९. छापील २२.१ पेक्षा खाली, आणि ताईच्या थंड सकाळी धरता मला तो आकडा अगदी रास्त वाटतो.

हायवेच्या दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. जाताना भाऊजी १२० च्या आसपास चालवत होते : १८.८. येताना ताई, १०० च्या आत : २२.९. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० चे १२० केले की तो पाऊणपट चढतो, आणि एकसारख्या वेगात ब्रेकच नसल्यामुळे बॅटरीला परत मिळवायला काही उरत नाही. गर्दीत हायब्रिड कमावते ते इथे कमावू शकत नाही. भाऊजींनी ती दोन्ही पानं पाहिली आणि आता १०५ वर क्रूझ, म्हणजे वेग आपोआप तेवढाच राखणारी सोय, लावतात.

उन्हाळ्यात एकदा आकडा सलग दोन वेळा १९ च्या खाली गेला आणि मागून पंख्याचा आवाज यायला लागला. चूक आमचीच होती. सासूबाईंची शाल सीटवरून घसरून त्या जाळीवर पडली होती आणि आठवडाभर तिथेच राहिली होती. बॅटरी तापली की गाडी तिला जपते, तिच्याकडून काम कमी घेते, आणि तेवढा भार इंजिनावर येतो. शाल उचलली, फिल्टरवरची धूळ काढली, पुढची नोंद २१.३. त्या मुलीने दार उघडून दाखवलं नसतं तर आम्ही सर्व्हिस सेंटरला खेपा घालत बसलो असतो.

गेल्या महिन्यात टायर बदलायची वेळ आली. दुकानदाराने दोन टायर पुढे करून ठेवले आणि म्हणाला, हे थोडे रुंद आहेत, दिसायला भारी, रिमही मोठी करून देतो. ताईने ग्लोव्ह बॉक्समधून वही काढली, पहिलं पान उघडलं आणि वाचून दाखवलं : "दोनशे पाच, पासष्ट, आर सोळा. हेच द्या, आणि हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे भरा." मग बाहेर जाऊन मीटरवरचे किलोमीटर लिहून घेतले.